चाळे, टॉन्सिल आणि मॅग्नेशियमची बाटली

वाचकांचे प्रश्न : टिक, जुनाट संसर्ग आणि खनिजांच्या गोळ्या

डोळे मिचकावणे, मान झटकणे, खांदा उडवणे, घसा खाकरत राहणे याला घरात ‘चाळे’ म्हणतात आणि डॉक्टर ‘टिक’ म्हणतात. या अंकासाठी आलेल्या पत्रांत एक धागा समान होता. घरात कुणाला तरी टिक आहेत, सोबत रेंगाळणारा किंवा परत परत येणारा संसर्ग आहे आणि कुणाच्या तरी सल्ल्याने खनिजांच्या गोळ्या सुरू झाल्या आहेत. लोकांची गल्लत होते म्हणून एक गोष्ट आधीच सांगतो. चावणाऱ्या गोचिडीलाही इंग्रजीत ‘टिक’च म्हणतात. त्या टिकचा या टिकशी भाषेपुरताही संबंध नाही. एका पत्रात मात्र दोन्ही एकत्र आले आहेत, त्याचे उत्तर पुढे दिले आहे.

प्रश्न : माझा मुलगा नऊ वर्षांचा आहे. दीड वर्षापासून डोळे मिचकावतो, मान एका बाजूला झटकतो. वर्षातून पाच-सहा वेळा टॉन्सिल सुजतात. गेल्या महिन्यात चाळे खूपच वाढले, तेव्हा नात्यातल्या एका बाईंच्या सांगण्यावरून मॅग्नेशियम सुरू केले. पंधरा दिवसांत निम्म्याने फरक पडला. हे चालू ठेवावे का? किती द्यावे? बाटलीवर ‘मॅग्नेशियम ग्लायसिनेट १००० मि.ग्रॅ.’ असे लिहिले आहे. (एक आई, कोल्हापूर)

फरक पडला हे खरे असेल. तो मॅग्नेशियममुळे पडला का, हे पंधरा दिवसांत कळत नाही. टिकचा स्वभावच भरती-ओहोटीचा असतो. काही आठवडे वाढतात, काही आठवडे जवळजवळ नाहीशा होतात, एक जाते आणि दुसरी येते. आईवडील गोळी कधी सुरू करतात? चाळे शिगेला पोचतात तेव्हा. शिगेवरून पुढची वाट बहुधा उताराचीच असते. त्या दिवशी तुम्ही साखरेची गोळी सुरू केली असती तरी पंधरा दिवसांनी हाच अनुभव येण्याची शक्यता मोठी होती. त्यात टॉन्सिलची सूज ओसरली, झोप सुधारली, परीक्षा संपली, असेही काही त्याच दिवसांत घडून गेले असेल.

मॅग्नेशियममागचा तर्क असा : ते मेंदूतल्या उत्तेजक संदेशांच्या एका दारावर अडसरासारखे काम करते. ते कमी पडले तर पेशी जास्त चाळवतात. म्हणून टुरेट सिंड्रोममध्ये (हालचालींच्या आणि आवाजाच्या टिक वर्षाहून जास्त काळ राहणाऱ्या विकारात) ते उपयोगी पडेल, ही कल्पना २००२ पासून लेखी मांडली गेली आहे. स्पेनमध्ये मॅग्नेशियम आणि बी६ जीवनसत्त्व एकत्र देऊन मुलांवर चाचणी घेण्याची योजनाही प्रसिद्ध झाली होती. पण अमेरिकन न्यूरॉलॉजी अकादमीने २०१९ मध्ये टिकच्या उपचारांच्या सूचना दिल्या, त्यांत शिफारस झालेल्या उपचारांमध्ये मॅग्नेशियम नाही. पहिला मान वर्तन-उपचाराला आहे. त्यात मुलाला टिक येण्याआधीची ‘खाज’ ओळखायला आणि त्या क्षणी टिकशी जुळू न शकणारी दुसरी हालचाल करायला शिकवतात. उदाहरणार्थ, मान झटकावीशी वाटली की हनुवटी किंचित खाली घेऊन मानेचे स्नायू हळूच ताणून धरायचे. ठरलेला अभ्यासक्रम साधारण आठ सत्रांचा असतो.

आता बाटली. लेबलवरचे १००० मि.ग्रॅ. हे संपूर्ण क्षाराचे वजन असू शकते. ग्लायसिनेटमध्ये शुद्ध मॅग्नेशियम साधारण १४ टक्के असते, म्हणजे त्या गोळीतून मिळाले सुमारे १४० मि.ग्रॅ. सायट्रेटमध्ये ते १६ टक्क्यांच्या आसपास असते. ऑक्साइडमध्ये ६० टक्के असते, पण ते आतड्यात नीट शोषले जात नाही आणि जुलाब करते. म्हणून ‘एलिमेंटल’ हा शब्द शोधा आणि त्यापुढचा आकडा धरा. तो शब्द नसेल तर ती बाटली मुलासाठी वापरू नका. अमेरिकेतल्या पोषण मानकांनुसार गोळ्या-पावडरींतून घ्यायच्या मॅग्नेशियमची कमाल मर्यादा चार ते आठ वर्षांच्या मुलाला दिवसाला ११० मि.ग्रॅ. आणि नऊ वर्षांपुढे ३५० मि.ग्रॅ. आहे. अन्नातले मॅग्नेशियम यात धरत नाहीत. नऊ वर्षांच्या, सडपातळ मुलाला ३५० पर्यंत नेण्याचे काहीच कारण नाही. १०० ते १५० मि.ग्रॅ. रात्रीच्या जेवणानंतर, तेही मूत्रपिंडाचा काही त्रास नसेल तरच आणि बालरोगतज्ज्ञांना सांगून. शौच पातळ झाले तर मात्रा जास्त झाली असे समजा.

खरेच उपयोग होतो का हे पाहायचे असेल तर मोजा. रोज एकाच वेळी, एकाच कामात, म्हणजे समजा संध्याकाळी गृहपाठ करताना, फोन उभा करून दहा मिनिटांचे चित्रण करा. मुलाला एकदा कल्पना द्या, मग फोनकडे लक्ष वेधू नका. टिकबद्दल बोलले की टिक वाढतात, हे बऱ्याच मुलांत दिसते. मोजणी मुलगा झोपल्यावर करा. दोन आठवडे गोळीविना, चार आठवडे गोळीसह, मग दोन आठवडे पुन्हा गोळीविना. शेजारच्या रकान्यात ताप, घसा दुखणे, अँटिबायोटिक, परीक्षा, पाहुणे, गणपतीतली जागरणे हे सगळे लिहा, कारण उत्साहानेही टिक वाढतात. गोळी बंद केल्यावरच्या दोन आठवड्यांत आकडे पुन्हा वर गेले नाहीत तर बाटली कपाटात ठेवून द्या. आणि या आठ आठवड्यांत दुसरे काहीही नवे सुरू करू नका. बहुतेक घरांत हीच चूक होते. मॅग्नेशियम, जस्त, ओमेगा आणि एखादे चूर्ण एकाच सोमवारी सुरू होते आणि नंतर कशाने काय झाले ते कुणालाच सांगता येत नाही.

रक्तातले मॅग्नेशियम तपासून घ्यावे का, असे पुढे विचाराल. तपासा, पण त्याची मर्यादा लक्षात ठेवा. शरीरातल्या एकूण मॅग्नेशियमचा एक टक्काही रक्तद्रवात नसतो. आकडा कमी आला तर कमतरता नक्की, नॉर्मल आला तर कमतरता नाहीच असे नाही. खाण्यातून देणे हा सर्वांत निर्धोक मार्ग. नाचणी, बाजरी, राजगिरा, शेंगदाणे, तीळ, भोपळ्याच्या बिया यांत ते भरपूर असते. नाचणीत १०० ग्रॅमला सुमारे १४५ मि.ग्रॅ. नाचणी मोड आणून किंवा आंबवून वापरली तर खनिजांना धरून ठेवणारे फायटेट कमी होते आणि खनिजे जास्त लागू पडतात.

प्रश्न : मुलीचे (वय ७) ‘एएसओ टायटर’ ४०० आले आहे. ती नाक ओढते, खांदा उडवते. इंटरनेटवर ‘पांडास’बद्दल वाचले. एका डॉक्टरांनी दर तीन आठवड्यांनी पेनिसिलिनचे इंजेक्शन सुचवले. त्याऐवजी जस्त देऊन प्रतिकारशक्ती वाढवली तर टिक थांबतील का? (एक वडील, नाशिक)

या एका प्रश्नात तीन प्रश्न आहेत आणि तिसरा सर्वांत कमी महत्त्वाचा आहे.

एएसओ म्हणजे स्ट्रेप्टोकॉकस या जंतूशी शरीराची गाठ पडल्याची खूण. संसर्गानंतर तीन ते पाच आठवड्यांत ती सर्वांत वर जाते आणि उतरायला कित्येक महिने घेते. शाळेत जाणाऱ्या मुलांत एकदा वाढलेला आकडा अगदी सर्रास सापडतो. तो मागच्या महिन्यांतल्या घसादुखीचा पुरावा आहे, आजच्या टिकचे कारण नाही. काही अर्थ काढायचाच असेल तर दोन ते चार आठवड्यांच्या अंतराने दोन आकडे पाहावे लागतात.

‘पांडास’ची कल्पना अमेरिकेत सुझन स्वीडो आणि सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये ५० मुलांच्या नोंदींवरून मांडली. त्यात स्ट्रेप्टोकॉकसच्या संसर्गानंतर टिक किंवा मंत्रचळ, म्हणजे हात धुण्यासारखे सक्तीचे विचार आणि कृती, अचानक उफाळतात. ‘त्या शुक्रवारपासून पोरगी बदलली’ असे आईवडील तारीखवार सांगतात. हळूहळू सुरू होऊन कमी-जास्त होणारे नाक ओढणे त्यात बसत नाही. पुढे युरोपात ३ ते १६ वयोगटातल्या ७१५ मुलांचा टिक आणि स्ट्रेप्टोकॉकस या दोन्ही अंगांनी दीर्घ पाठपुरावा झाला. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या निष्कर्षांत स्ट्रेप्टोकॉकसचा संसर्ग आणि टिक उसळणे यांचा संबंध दिसला नाही. निव्वळ टिकसाठी वर्षानुवर्षे अँटिबायोटिक देऊ नये, असे आमचे स्पष्ट मत आहे.

पण इंजेक्शनाला नकार देण्याआधी त्या डॉक्टरांना एक गोष्ट विचारा : ‘तुम्हाला संधिवातज्वराची शंका आहे का?’ स्ट्रेप्टोकॉकसच्या घसादुखीनंतर सांधे आणि हृदयाला ग्रासणारा हा आजार आपल्याकडे अजून गेलेला नाही आणि त्यातला ‘सिडनहॅम कोरिया’ अनेकदा चाळे म्हणून खपून जातो. फरक असा. टिक म्हणजे तीच ती ठरावीक हालचाल, थोडा वेळ दाबून ठेवता येते. कोरियात हालचाली वाहत्या, वेड्यावाकड्या, दर वेळी निराळ्या. मुलीला जीभ बाहेर काढून दहा सेकंद धरायला सांगा, कोरियात ती धरवत नाही, आत-बाहेर होते. तुमची दोन बोटे घट्ट दाबून धरायला सांगा, दूध काढल्यासारखी पकड ढिली-घट्ट होत राहते. हातातून भांडे पडू लागले, अक्षर एकदम बिघडले, मूल उगाच रडवेले झाले, तर लगेच दाखवा. इथे हृदयाची इको तपासणी लागते आणि पेनिसिलिनचे ते इंजेक्शन (२७ किलोंखाली ६ लाख युनिट, त्यावर १२ लाख) हृदयाच्या झडपांसाठी असते. ते टाळू नका. कोरिया घशाच्या संसर्गानंतर काही महिन्यांनीही येतो, त्यामुळे तेव्हा एएसओ नॉर्मल असू शकते.

राहिले जस्त. कमतरता असेल तर ते द्यावे. टिक थांबवते म्हणून देण्याइतका आधार नाही. जुलाबात मुलांना २० मि.ग्रॅ. जस्त १४ दिवस देतात, ते १४ दिवसांसाठीच. सात वर्षांच्या मुलाची दीर्घकाळासाठीची कमाल मर्यादा अन्नासकट दिवसाला १२ मि.ग्रॅ. आहे. तीच २० ची गोळी ‘प्रतिकारशक्ती’ म्हणून सहा महिने दिली तर जस्त तांब्याला आतड्यातच अडवते. तांबे कमी पडले की रक्तक्षय होतो, पांढऱ्या पेशी घटतात, जास्त लांबले तर चालताना तोल जातो. तो रक्तक्षय लोहाने भरून येत नाही आणि मग लोहाची मात्रा उगाच वाढत जाते.

प्रश्न : मला (वय ३४) लहानपणापासून टुरेट आहे, हॅलोपेरिडॉल चालू आहे. आता औषधांना दाद न देणारा क्षयरोग निघाला. सहा महिन्यांच्या नव्या गोळ्या सुरू केल्या आहेत : बेडाक्विलिन, प्रिटोमॅनिड, लिनेझोलिड, मॉक्सिफ्लॉक्सासिन. अशक्तपणासाठी मी स्वतःहून मल्टिमिनरल, कॅल्शियम-डी आणि मॅग्नेशियम घेतो. टिक वाढल्या आहेत. खनिजांमुळे की टीबीमुळे? (एक वाचक, सोलापूर)

तुमच्या टिकपेक्षा तुमच्या गोळ्यांच्या वेळा आम्हाला जास्त चिंतेच्या वाटतात, म्हणून आधी त्यांबद्दल.

मॉक्सिफ्लॉक्सासिन पोटात मॅग्नेशियम, अॅल्युमिनियम, लोह, जस्त यांच्याशी भेटले की त्यांच्याशी गुंता करून बसते आणि रक्तात पुरेसे पोचतच नाही. गोळी घेतली असे वाटते, पण जंतूला अर्धीच पोचते. दाद न देणाऱ्या क्षयरोगात हे परवडणारे नाही, कारण अर्धवट मात्रेतूनच जंतू उरलेल्या औषधांनाही निर्ढावतात. नियम असा : मॉक्सिफ्लॉक्सासिन खनिजांच्या आधी किमान ४ तास किंवा नंतर किमान ८ तास. ते सकाळी ८ ला घेत असाल तर खनिजाची गोळी दुपारी ४ ला घ्या, सकाळच्या नाश्त्यासोबत कधीच नाही. छातीत जळजळ झाली म्हणून चमचाभर पितो ते पांढरे किंवा गुलाबी अँटासिडही यातच येते, त्यात मॅग्नेशियम-अॅल्युमिनियमच असते. औषधांच्या यादीत ते कुणी सांगतच नाही. इतर वाचकांसाठी : सिप्रोफ्लॉक्सासिनला २ तास आधी किंवा ६ तास नंतर आणि त्याला कॅल्शियम, दूध, दहीही चालत नाही. लेव्होफ्लॉक्सासिनला दोन्ही बाजूंनी २ तास.

दुसरी गोष्ट हृदयाची. बेडाक्विलिन, मॉक्सिफ्लॉक्सासिन आणि हॅलोपेरिडॉल ही तिन्ही ईसीजीतला ‘क्यूटी’ हा कालावधी लांबवतात. तो फार लांबला तर हृदयाची लय अचानक बिघडू शकते. इथे मॅग्नेशियम, पोटॅशियम आणि कॅल्शियम यांचे रक्तातले आकडे नॉर्मल असणे फार महत्त्वाचे आहे. उलट्या-जुलाब झाले की हे आकडे पडतात. म्हणून क्षयरोग केंद्रातल्या डॉक्टरांना हॅलोपेरिडॉल घेत असल्याचे आजच सांगा, ठरलेल्या ईसीजी चुकवू नका आणि चक्कर, धडधड किंवा क्षणभर शुद्ध हरपणे झाले तर थेट रुग्णालयात जा. हॅलोपेरिडॉल स्वतःच्या मनाने एकदम बंद करू नका. बदलायचे की नाही हे मेंदूविकारतज्ज्ञ आणि छातीचे डॉक्टर मिळून ठरवतील.

तिसरे, कॅल्शियम-डी. क्षयरोगाच्या गाठींतल्या पेशी स्वतःच ‘ड’ जीवनसत्त्व कार्यरत रूपात तयार करतात, मूत्रपिंडाच्या हुकमाची वाट न पाहता. वरून कॅल्शियम आणि ‘ड’ची साठ हजार युनिटची पुडी घेतली तर रक्तातले कॅल्शियम जास्त होऊ शकते : तहान, बद्धकोष्ठ, मळमळ, गुंगी. रक्तातले कॅल्शियम तपासल्याविना ते घेऊ नका.

चौथे, बी६. लिनेझोलिडने हातापायांच्या नसांना इजा होऊ शकते म्हणून पायरिडॉक्सिन सोबत दिले जाते. तुमच्या मल्टिमिनरलच्या बाटलीत पुन्हा बी६ असेल तर बेरीज करा. जास्त बी६ दीर्घकाळ घेतले तर तेही नसांनाच इजा करते. मग पायाला मुंग्या आल्या की लिनेझोलिडला दोष द्यायचा की बी६ला, हे ओळखणे अवघड होते.

आता टिक. गंभीर आजार, झोपमोड, काळजी आणि वजन घटणे यांनी त्या वाढतात, हे सर्वांत साधे आणि सर्वांत संभाव्य कारण. हॅलोपेरिडॉलने येणारी बेचैनी, एका जागी बसवत नाही अशी, लोक टिक समजतात. ती टिक नाही. तिचा उपाय मात्रा बदलणे हा आहे, मॅग्नेशियम नाही. सध्याचा सल्ला : मल्टिमिनरल आणि मॅग्नेशियम थांबवा, रक्ताचे आकडे येऊ द्या, कमी असेल तेवढेच ठरलेल्या वेळेला भरून काढा. अशक्तपणासाठी अंडी, दूध, डाळ, शेंगदाण्याची चिक्की पुरेशी कामाची आहेत.

प्रश्न : आम्ही न्यू जर्सीत राहतो. मुलीला (वय १५) दोन वर्षांपूर्वी लाइम झाला होता, उपचार झाले. आता अचानक हात जोरात फेकणे, छातीवर मारणे, शब्द ओरडणे सुरू झाले. इथल्या एका गटात सांगितले की जंतू अजून आत आहेत, मॅग्नेशियम आणि लोह दिले की ते पोसले जातात, आणि मॅग्नेशियमने टिक वाढल्या म्हणजे ‘हर्क्स’ झाले, म्हणजे औषध लागू पडतेय. काय खरे?

हेच ते पत्र, गोचीड आणि चाळे एकत्र आणणारे. लाइम हा बोरेलिया नावाच्या जंतूचा आजार, हरणांच्या गोचिडीतून येतो आणि तुमच्या भागात तो खरोखरच भरपूर आहे. मज्जासंस्थेत तो गेला तर चेहऱ्याची एक बाजू लुळी पडते, मेंदूज्वर होतो, नसांच्या मुळांशी जळजळीत दुखते. टिक हे त्याचे नेहमीचे लक्षण नाही. ठरलेला कोर्स झाल्यावर महिनोन्महिने अँटिबायोटिक देऊन टिकाऊ फायदा होत नाही, हे अनेक नियंत्रित चाचण्यांतून दिसले आहे.

‘जंतू पोसले जातात’ हा भाग मात्र गमतीदार आहे. बोरेलिया हा लोहाविना निभावणारा विरळा जंतू, तो आपली कामे मँगनीजवर भागवतो. म्हणजे या जंतूसाठी लोह तोडण्यात अर्थ नाही, तोटा मुलीचाच. मॅग्नेशियम तर प्रत्येक जिवंत पेशीला लागते आणि मुलीच्या पेशींतच ते जंतूंना हवे त्यापेक्षा कितीतरी जास्त आधीच भरलेले आहे. एका गोळीने जंतूंचे पारडे झुकत नाही.

‘हर्क्स’ ही खरी गोष्ट आहे, पण वेगळी. सिफिलिस, लेप्टोस्पायरोसिस, लाइम यांत अँटिबायोटिकच्या पहिल्या डोसानंतर जंतू फुटून चोवीस तासांच्या आत थंडी-ताप येतो आणि साधारण दिवसाभरात उतरतो. मॅग्नेशियम जंतू मारत नाही, त्याने हर्क्स होत नाही. ‘वाढले म्हणजे लागू पडले, कमी झाले म्हणजेही लागू पडले’ अशा हिशोबात औषध कधी चुकतच नाही. असल्या हिशोबापासून सावध राहा.

तुमच्या वर्णनावरून आम्हाला दुसरीच शंका येते. टिक सहसा पाच-सहाव्या वर्षी चेहऱ्यापासून सुरू होतात आणि वरून खाली सरकतात. पंधराव्या वर्षी, मुलीत, एका दिवसात, थेट मोठ्या हालचाली आणि ओरडण्याने सुरुवात झाली तर ‘फंक्शनल’, म्हणजे टिकसारख्या दिसणाऱ्या पण टिक नसलेल्या हालचालींचा विचार करावा लागतो. २०२० नंतर जगभर अशा किशोरी मोठ्या संख्येने दवाखान्यांत आल्या आणि त्यांतल्या अनेकींनी टिकटॉकवर टिकचे व्हिडिओ पाहिले होते. (हा तिसरा टिक.) हे ढोंग नव्हे. मुलगी मुद्दाम करत नाही. उपचार मात्र वेगळे आहेत, टिकच्या औषधांचा त्यात फारसा उपयोग होत नाही. हालचालींच्या विकारांचे तज्ज्ञ गाठा. चुकून डॉक्सिसायक्लिन पुन्हा सुरू झालेच, तर तेही लोह-मॅग्नेशियमशी दोन-तीन तासांच्या अंतरानेच द्या.

प्रश्न : मुलगी १३ वर्षांची, सायनसचा त्रास जुना, टिक आहेत. हिमोग्लोबिन १०.४, फेरिटिन ४०. लॅबच्या कागदावर फेरिटिन नॉर्मल आहे. लोह दिले तर डोपामिन वाढून टिक वाढतील असे वाचले. (सातारा)

डोपामिन बनवणाऱ्या विकराला लोह लागते, इथवर बरोबर. पण त्यावरून लोह दिले की डोपामिन उतू जाते असे होत नाही. उलट २००६ मध्ये अमेरिकेतल्या एका अभ्यासात टुरेट असलेल्यांत फेरिटिन इतरांपेक्षा कमी सापडले होते. लोह कमी असले की पाय वळवळणे, झोप मोडणे, चिडचिड होते आणि हे तिन्ही टिकना खतपाणी घालतात.

खरी फसगत त्या ४० मध्ये आहे. फेरिटिन हे लोहाच्या साठ्याचे माप आहे, पण शरीरात दाह किंवा संसर्ग असला की ते खोटेच वर जाते. निरोगी मुलांत पाच वर्षांपुढे १५ च्या खाली असेल तर कमतरता धरतात. संसर्ग-दाह असताना जागतिक आरोग्य संघटना हीच रेषा ७० वर नेते. म्हणून सायनस चिघळलेला असताना आलेले ४० म्हणजे लोह पुरेसे, असे नाही. सोबत सीआरपी (दाहाचे माप) आणि ट्रान्सफेरिन सॅच्युरेशन (रक्तातून वाहून नेल्या जाणाऱ्या लोहाचे माप) करून घ्या. लाल पेशी फारच लहान असतील तर थॅलेसेमिया मायनरची एचपीएलसी चाचणी एकदा करून ठेवा.

लोह सुरू करायची वेळ : ताप आणि पू असलेला संसर्ग आधी आटोक्यात येऊ द्या. संसर्गाच्या काळात यकृत हेपसिडिन नावाचे संप्रेरक सोडते आणि लोहासाठी आतड्याचे दार बंद करते. तेव्हा दिलेले बरेचसे लोह शौचातून जाते आणि पोट मात्र बिघडते. मग शुद्ध लोह किती आहे ते पाहून (शाळेत मिळणाऱ्या निळ्या गोळीत ६० मि.ग्रॅ. असते) डॉक्टरांनी ठरवलेली मात्रा लिंबूपाण्यासोबत द्या. चहा आणि दूध आधी-नंतर तासभर नको. पोटाला सोसत नसेल तर एक दिवसाआड द्यायला विचारा, त्याने प्रत्येक गोळीतले लोह जास्त शोषले जाते. जस्त आणि कॅल्शियम त्याच वेळी देऊ नका. महिन्याभरात हिमोग्लोबिन साधारण एक ग्रॅमने वाढले पाहिजे. नाही वाढले तर गोळी बदलण्याआधी ती खरेच पोटात जाते का ते बघा. हिमोग्लोबिन भरल्यावरही साठ्यासाठी आणखी दोन-तीन महिने लागतात.

प्रश्न : बोटे आत वळून ताठ होतात, ओठांभोवती फडफड होते. हे टिक आहे का? मॅग्नेशियम घेतो आहे. (रत्नागिरी)

बहुधा नाही. टिक सहसा ताठ होऊन राहत नाही. हे रक्तातले कॅल्शियम किंवा मॅग्नेशियम खरोखर कमी असण्याचे चिन्ह असू शकते. कॅल्शियम, अल्ब्युमिन, फॉस्फरस, मॅग्नेशियम, ड जीवनसत्त्व आणि पॅराथॉर्मोन (कॅल्शियम सांभाळणारे संप्रेरक) एकत्र तपासा. अल्ब्युमिन ४ पेक्षा कमी असेल तर प्रत्येक एका ग्रॅममागे कॅल्शियमच्या आकड्यात ०.८ मिळवा. मॅग्नेशियम फार कमी असेल तर नुसत्या कॅल्शियमने काही भरून येत नाही, आधी मॅग्नेशियम भरावे लागते. आणि तरुण माणसाला थरथर, बोलण्यात जडपणा, स्वभावबदल असेल तर सेरुलोप्लाझमिन तपासून विल्सनचा आजार (शरीरात तांबे साठत जाण्याचा) नाही ना, हेही पाहून घ्यावे.

प्रश्न : शिवणकाम करणाऱ्या काकूंनी मुलासाठी धातूंचे एक भस्म आणले आहे. ते ‘नैसर्गिक खनिज’ आहे. चालेल का? (परभणी)

नाही. ज्यावर शिसे, पारा, आर्सेनिक यांच्या तपासणीचा दाखला नाही असे कोणतेही धातूभस्म टिक असलेल्या मुलाला देऊ नका. बाजारातल्या काही रसौषधांत शिसे आणि पारा सापडल्याचे प्रसिद्ध आहे, आणि शिसे वाढत्या मेंदूवरच घाव घालते. आधीच दिले असेल तर रक्तातले शिसे तपासा.

प्रश्न : टिकसाठी पिमोझाइड चालू आहे. जुन्या अॅसिडिटीसाठी पँटोप्राझोल दोन वर्षे घेतो. आता एंडोस्कोपीत एच. पायलोरी हा जठरातला जंतू निघाला आणि १४ दिवसांचे किट लिहून दिले आहे. मॅग्नेशियमही घेऊ का? (ठाणे)

किट उघडू नका. आधी त्यातली नावे वाचा. क्लॅरिथ्रोमायसिन असेल तर पिमोझाइडसोबत ते कदापि चालत नाही. ते पिमोझाइड शरीरातून बाहेर पडू देत नाही, रक्तातली पातळी चढते, क्यूटी लांबतो. या जोडीने मृत्यू झाल्याच्या नोंदी आहेत. एरिथ्रोमायसिन, अझिथ्रोमायसिन आणि बुरशीवरच्या अनेक गोळ्यांनाही हीच मनाई आहे. त्यात पँटोप्राझोलसारख्या गोळ्या वर्षाहून जास्त घेतल्या तर रक्तातले मॅग्नेशियम उतरू शकते, अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०११ मध्येच हा इशारा दिला आहे. म्हणजे तुमच्या बाबतीत मॅग्नेशियमचा आकडा टिकपेक्षा हृदयासाठी महत्त्वाचा आहे. उद्याच पोटविकारतज्ज्ञांना फोन करून ‘मी पिमोझाइड घेतो’ एवढे एक वाक्य सांगा. क्लॅरिथ्रोमायसिन नसलेले, बिस्मथ आणि टेट्रासायक्लिनचे पर्यायी किट मिळते. मॅग्नेशियम, पोटॅशियम आणि ईसीजी करून घ्या. टेट्रासायक्लिन असलेले किट मिळाले आणि मॅग्नेशियमही लिहून दिले, तर दोन्हींत किमान दोन-तीन तासांचे अंतर राखा आणि गोळी दुधासोबत नको, पाण्यासोबत घ्या.